अतिक्रमण कोणाचे, उद्यान कोणासाठी?

शहरात 'अतिक्रमण हटवून उद्यान उभारले' अशी बातमी आली की आपण लगेच टाळ्या वाजवतो. उद्यानाला आपला विरोध असण्याचे कारणच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते सार्वजनिक जागा सर्वांची आहे हे सिद्ध करण्यासाठीच. सार्वजनिक जागेवरचा समान हक्क ही आपल्या चळवळीची पहिली लढाई आहे. म्हणूनच टाळी वाजवण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : अतिक्रमण नेमके कोणी केले होते?

इतिहासात या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर लखनौचे. अमीनाबादमधील झंडेवाला पार्क हे स्वातंत्र्यलढ्यातील सभांचे मैदान. १९९३ मध्ये खुद्द महापालिकेने निविदा न काढता ते भूमिगत बाजार बांधण्यासाठी एका बिल्डरच्या हवाली केले. प्रकरण न्यायालयात गेले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले की महापालिका उद्यानाची मालक नाही, ती जनतेची विश्वस्त आहे. बांधकामावर पैसा खर्च झाला ही सबब चालली नाही. एक भाग वाहनतळासाठी ठेवून बाकीचे पाडा आणि उद्यान पूर्ववत करा, असा आदेश झाला. इथे अतिक्रमण करणारा धनदांडगा होता आणि त्याला जागा देणारी पालिकाच होती.

दुसरे उत्तर न्यूयॉर्कचे. जगप्रसिद्ध सेंट्रल पार्कच्या पश्चिम भागात, आजच्या ८२ ते ८९ क्रमांकाच्या रस्त्यांदरम्यान, सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स या बूटपॉलिश करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाने तिथे १२५ डॉलरला तीन भूखंड विकत घेतले. न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता लागे. गोऱ्यांना ती अट नव्हती. म्हणजे जमीन हा नागरिकत्वाचा दाखला होता. १८५५ पर्यंत तिथे सुमारे २२५ माणसे राहत होती. त्यांतील दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकी बहुतेक आयरिश स्थलांतरित. तीन चर्च होती, शाळा होती.

१८५३ मध्ये उद्यानासाठी जमीन घेण्याचा कायदा झाला. वर्तमानपत्रांनी या घरमालकांना 'बेकायदा घुसलेले' ठरवले, त्यांच्या घरांना 'झोपड्या' म्हटले. १८५७ पर्यंत वस्ती पुसली गेली. मालकांना मोबदला मिळाला, पण वस्ती पुन्हा कुठेही एकत्र उभी राहिली नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे गाव जवळपास विस्मरणात गेले. १९१३ मध्ये बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तिथून ही जागा सत्तावीस-अठ्ठावीस रस्ते दक्षिणेला आहे.

दोन्हीकडे शेवटी हिरवळच आली. पण लखनौला लोकांचे उद्यान लोकांना परत मिळाले. न्यूयॉर्कला शोषितांची जमीन आधी 'अतिक्रमण' ठरवली गेली, मग घेतली गेली. जात असो वा वर्ण, व्यवस्था आधी शब्द लादते, बुलडोझर मागाहून येतो.

आपल्याकडे ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. म्हणून केवळ भावनेवर लढून चालणार नाही, कागद हातात लागतो.

मित्रांनो, तुमच्या प्रभागात अशी मोहीम आली तर विकास आराखड्यातील आरक्षण तपासा. मिळकत पत्रिका काढा, माहिती अधिकारात अर्ज टाका. रहिवाशांकडे वास्तव्याचे पुरावे आहेत का, नोटीस दिली का, पुनर्वसन कुठे, हे लेखी विचारा. आणि त्याच शहरात उद्यानाच्या आरक्षित भूखंडावर कोणाचा क्लब, कोणाचे मंगल कार्यालय, कोणाचा शोरूम उभा आहे त्याचीही यादी करा. कारवाई त्या यादीपासून सुरू होऊ द्या.

उद्यान हवेच. पण त्याची किंमत दरवेळी आपल्याच वस्तीने का मोजायची?

जय भीम!