फीत कोणाच्या मालकीची?

चित्रपटाचा धंदा हा मुळात तिकिटाचा धंदा. प्रेक्षकाने दाराशी पैसे मोजावे, अंधारात दोन-अडीच तास बसावे आणि रिकाम्या हाताने घरी परतावे. पुस्तक घेणारा पुस्तक घरी नेतो, भांडे घेणारा भांडे नेतो. चित्रपट पाहणाऱ्याच्या पदरात आठवणीखेरीज काही पडत नसे. हा रिकामा हात भरला कसा आणि पुन्हा रिकामा होऊ लागला कसा, याचा इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे. त्यासाठी आम्ही अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या एकाच चित्रपटसंस्थेचे उदाहरण घेतले आहे.

हॅरी, आल्बर्ट, सॅम व जॅक या चार बंधूंनी १९२३ साली ही संस्था रीतसर स्थापन केली. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचा ‘द जॅझ सिंगर’ पडद्यावर आला आणि बोलपटाच्या युगाला खरी चालना मिळाली. आवाजाचा आग्रह धरणारा सॅम मात्र आदल्याच दिवशी वारला होता. असा चित्रपट संस्थेने जिवापाड जपला असेल, असे आपणांस वाटेल. प्रत्यक्षात १९५६ साली वॉर्नरने १९५० पूर्वीच्या आपल्या चित्रपटांचा बहुतेक सारा साठा सुमारे २ कोटी १० लक्ष डॉलरांना विकून टाकला. त्यात ‘जॅझ सिंगर’ होता, आणि १९४२ चा ‘कॅसाब्लांका’ही होता. विकणाऱ्यांना मूर्ख ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. गावोगाव फिरून आलेला चित्रपट म्हणजे त्यांच्या लेखी रस काढून झालेले उसाचे चिपाड होते. घेणाऱ्यांना त्यात टेलिव्हिजनपुरता रस शिल्लक दिसला, इतकेच.

तो रस किती होता, हे पुढे घरातल्या यंत्राने दाखविले. सोनी कंपनीचे बीटामॅक्स १९७५ साली आले आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसीचे व्हीएचएस आले. युनिव्हर्सल व डिस्ने या संस्थांनी १९७६ साली सोनीवर फिर्याद केली. ती लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार न्यायमूर्तींच्या मताने निर्णय झाला, की सवडीने पाहण्यासाठी घरी कार्यक्रम टिपून घेणे बेकायदा नव्हे. तोवर चित्रपटसंस्था स्वतःच कॅसेटच्या बाजारात उतरल्या होत्या, आणि त्यांत वॉर्नरही होती.

पण बाजारात एक पेच निघाला. कॅसेट महाग, म्हणून लोक ती विकत न घेता भाड्याने नेत. अमेरिकेचा कायदा असा, की रीतसर विकत घेतलेली प्रत घेणाऱ्याने पुढे विकावी किंवा भाड्याने द्यावी. मूळ मालकाला त्यात हात घालता येत नाही. दुकानदार एकदा किंमत मोजी आणि तीच कॅसेट शंभर घरी फिरवी. वॉर्नरला हे खुपले. १९८१ साली तिने बेत काढला, की कॅसेट विकावयाचीच नाही. दुकानदाराला ती केवळ भाडेपट्ट्याने द्यावयाची. दुकानदार खवळले आणि संस्थेला माघार घ्यावी लागली. आमच्या विषयाचे मर्म या फसलेल्या बेतात आहे.

माघारीनंतर वेगळी वाट सापडली. वॉर्नरच्या गृहव्हिडिओ शाखेचे वॉरन लीबरफार्ब यांनी डीव्हीडीचा पाठपुरावा केला. प्रतिस्पर्धी कंपन्यांचा १९९५ साली समझोता झाला आणि मार्च १९९७ मध्ये ही तबकडी अमेरिकेत विक्रीस आली. भाड्याने नेण्यापेक्षा विकत घ्यावी, अशी तिची किंमत ठेवली होती. थोड्याच वर्षांत हॉलीवूडला तबकड्यांच्या विक्रीतून मोठे उत्पन्न मिळू लागले. गृहस्थाच्या फळीवर चित्रपट येऊन बसला. जुन्या चित्रपटांना गिऱ्हाईक मिळाले, म्हणून ते स्वच्छ करून जपण्यासही कारण मिळाले. १९५६ साली विकलेला साठा युनायटेड आर्टिस्ट्स, मेट्रो-गोल्डविन-मेयर आणि टेड टर्नर अशा हातांतून फिरत १९९६ च्या विलीनीकरणाने वॉर्नरच्या घरी परतला, तो अशा सुमुहूर्तावर. २००९ पासून तर तिने एकेका गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार दुर्मिळ चित्रपटांच्या तबकड्या काढून देण्याची सोय केली.

त्यानंतर वारे फिरले. २००७ साली नेटफ्लिक्सने तारेवरून घरपोच चित्रपट दाखविण्यास आरंभ केला. २०२० साली वॉर्नरच्या मालक कंपनीने एचबीओ मॅक्स काढले आणि २०२१ चे वॉर्नरचे चित्रपट अमेरिकेत चित्रपटगृहांत व घरी एकाच दिवशी दाखविले. येथे प्रेक्षक पाहण्याची परवानगी घेतो, प्रत घेत नाही. १९८१ चा बेत असा चाळीस वर्षांनी तडीस गेला, आणि गलका झाला नाही; कारण खवळणारा दुकानदारच उरला नव्हता. २०२२ साली संस्थेचे डिस्कव्हरीशी विलीनीकरण झाले. त्याच वर्षी ‘वेस्टवर्ल्ड’ ही स्वतःचीच मालिका तिने एचबीओ मॅक्सवरून काढून घेतली, आणि चित्रीकरण पुरे झालेला ‘बॅटगर्ल’ हा चित्रपट प्रदर्शित न करण्याचे ठरविले.

आम्ही तबकडीची आरती ओवाळीत नाही. २००६ ते २००८ मधील वॉर्नरच्या काही तबकड्या आपोआप बिघडतात, हे संस्थेनेच २०२५ साली मान्य केले आहे. नव्या मार्गाने दूरच्या खेड्यातील माणसालाही क्षणात चित्रपट पाहता येतो, हाही लाभ लहान नव्हे. प्रश्न साधनाचा नसून प्रती किती हातांत आहेत, याचा आहे.

बोलपटाची ती लाट आपल्याकडेही पोचली होती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात आर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला. तो पाहण्यास लोटलेल्या गर्दीपैकी कोणाच्याही घरी त्याची प्रत जाणे शक्य नव्हते; आज त्याची एकही ज्ञात प्रत उरलेली नाही. ‘जॅझ सिंगर’ मात्र विकला जाऊनही वाचला. मालकाला आपल्या मालाची खरी किंमत नेहमीच कळते असे नाही, हे १९५६ च्या व्यवहाराने दाखविले आहे. म्हणून ज्यांना एखादा चित्रपट प्रिय असेल, त्यांनी त्याची रीतसर प्रत आपल्या घरी, ग्रंथालयात, संग्रहालयात असावी असा हट्ट धरावा, एवढीच आमची विनंती आहे.