वाघिणीची तारीख, ट्रकचं पासिंग

बडनेरा किंवा मूर्तिजापूरच्या यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीच्या कोणत्याही वाघिणीजवळ गेलं, तर तिच्या अंगावर रंगाने लिहिलेला एक लहानसा मजकूर दिसतो. शेवटची पूर्ण दुरुस्ती कोणत्या कारखान्यात झाली, कोणत्या तारखेला झाली आणि पुढच्या दुरुस्तीसाठी केव्हा परत पाठवायचं, एवढंच त्यात असतं. तिथून जवळच, ज्याला आपण अजूनही जुन्या सवयीने ‘सहा नंबर’ म्हणतो आणि ज्याचा सरकारी क्रमांक आता ५३ आहे, त्या महामार्गावर उभ्या ट्रकच्या दारावरही बराच मजकूर असतो. मालकाचं नाव-गाव, रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं वजन, परमिटचा क्रमांक, फिटनेसची मुदत. फरक सहज लक्षात येत नाही, पण मोठा आहे. वाघिणीच्या अंगावर तिच्या दुरुस्तीची हकिगत आहे. ट्रकच्या दारावर परवानग्यांची यादी आहे. इंजिनाचं ऑइल कधी बदललं, ब्रेकचे लायनर कधी घातले, यातलं एक अक्षरही तिथे नाही, आणि बहुतेक वेळा गाडीतल्या कागदांच्या पिशवीतही नसतं. यावरून वऱ्हाडातला ट्रकवाला निष्काळजी होता असा अर्थ काढायची पद्धत आहे. मला तो अर्थ पटत नाही. गाडी चालवणारा, तिचा खर्च सोसणारा आणि ती दुरुस्त करणारा हे एकमेकांना अनोळखी असले, की देखभालीची लेखी नोंद जन्माला येते. वऱ्हाडच्या ट्रकधंद्यात ते तिघे फार काळ अनोळखी नव्हते. त्यामुळे कागद तयार झाला तो चौथ्यासाठी, म्हणजे सरकारसाठी, बँकेसाठी, विमावाल्यासाठी.

ट्रकच्या आधीची वाहतूक पाहिली तर हे जास्त स्पष्ट होतं. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला, गंगेकाठी जात असे. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने या वाटेने १,००,००० बैलओझी कापूस कलकत्त्याकडे पाठवल्याची नोंद इंग्रजी गॅझेटियरात आहे. ओझ्यांचा हिशेब राहिला, कारण त्यात व्यापाऱ्याचा पैसा होता. बैलाच्या खुरांची किंवा गोणीच्या शिवणीची निगा कोणी कशी राखली हे कुठेच लिहिलेलं नाही. गावातल्या बंडीचंही, म्हणजे बैलगाडीचंही, तेच. बंडीचा आस कोरडा पडला की चाक करकरतं, म्हणून एरंडेलासारखं तेल आणि काजळी यांचं वंगण बांबूच्या नळकांड्यात भरून गाडीखाली लटकवलेलं असे. आज डिझेल इंजिनाच्या तेलाला आपण जो ‘वंगण’ शब्द सरसकट वापरतो तो या नळकांड्यातून आला आहे. आरे ढिले झाले, लोखंडी धाव सैल झाली की सुतार-लोहाराकडे जायचं, आणि त्यांची मजुरी दर खेपेला नव्हे, तर सुगीला धान्याच्या रूपात. आजच्या भाषेत हा वार्षिक देखभाल-करारच होता. त्याला कागद लागला नाही, कारण गावातलं प्रत्येक चाक सुताराच्या हातून गेलेलं असे. (बलुत्याची ही व्यवस्था फार न्यायाची होती असं मात्र नव्हे. सुताराला किती मिळायचं हे त्याच्या कामापेक्षा शेतकऱ्याच्या पिकावर आणि मर्जीवर ठरायचं.)

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, आणि वाहन व माणूस यांची ताटातूट झाली. अकोल्यात भरलेली वाघीण बोरीबंदराला रिकामी व्हायची, तिथून आणखी कुठे जायची, आणि तिचा आस तापलाय हे ज्या माणसाच्या लक्षात येई त्याची तो बदलणाऱ्या कारागिराशी जन्मात गाठ पडत नसे. म्हणून तारीख वाघिणीच्याच अंगावर लिहावी लागली. पण नोंद आहे म्हणजे निगा झालीच, असंही नाही, आणि त्याचा पुरावा याच मुलखात आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ मालकीने किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि चालवायला आधी जीआयपी, नंतर मध्य रेल्वे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलं. इंजिन सत्तर वर्षं टिकलं, रूळ मात्र खचत गेले. शेवटी शेवटी मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६-७७ किलोमीटर कापायला चार तासांच्या आसपास लागत. मालक एक, चालवणारा दुसरा, आणि मार्गाचा खर्च कोणी करायचा हा वाद कायमचा. कागदांची कमतरता तिथे नक्कीच नव्हती.

मोटारीचा कागद या दोन्हींपेक्षा वेगळ्या घरात जन्मला. १९१४ च्या मोटार कायद्यात मुख्य गोष्टी होत्या त्या नोंदणीच्या आणि चालक-परवान्याच्या. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते-विकास समिती नेमली गेली, ती रस्त्यांसाठी पैसा कसा उभा करायचा हे सांगायला. पाच-सहा वर्षांत मिचेल आणि कर्कनेस या अधिकाऱ्यांनी जी चौकशी केली तिचा विषय होता मोटारी रेल्वेचं उत्पन्न किती खातात हा. या सगळ्याचा परिपाक म्हणजे १९३९ चा कायदा. त्याच्या ३८व्या कलमाने वाहतुकीच्या गाडीला योग्यता-प्रमाणपत्र सक्तीचं केलं, पण त्याच कायद्याचा जास्त भरीव भाग परमिटांचा होता: कोणी, कुठून कुठे, किती गाड्या चालवायच्या. सुरक्षिततेचा हेतू खोटा होता असं मी म्हणत नाही. पण प्रमाणपत्र नियंत्रणाच्या कपाटात ठेवलं गेलं, गॅरेजच्या फळीवर नाही, आणि पुढच्या सगळ्या इतिहासावर त्याची छाप राहिली. १९८८ च्या कायद्यात तेच ५६व्या कलमात आलं, आणि १९८९ च्या नियमांत त्याचा नमुना-फॉर्म ठरला तोही ३८ क्रमांकाचाच. योगायोग असेल. भाषेने मात्र हे नेमकं टिपलं. गाडी तपासणीला नेणं म्हणजे ‘पासिंगला लावणं’, आणि तिथून हा शब्द इतका सरकला की आज अकोल्यात ‘कुठलं पासिंग?’ असं विचारलं तर उत्तर ‘तीस’ किंवा ‘सत्तावीस’ येतं, म्हणजे अकोल्याची नोंदणी की अमरावतीची. तपासणीचा शब्द ओळखीचा शब्द झाला, आणि तपासणी त्यातून गळून पडली.

प्रत्यक्ष निगा चालू होतीच, पण तिचं पंचांग निराळं होतं. १९५४ साली टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरचे मर्सिडीज-बेंझ ट्रक देशभर पसरले. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर लहान मोटारमालकाला कर्ज मिळणं सोपं झालं. १९७२ पासून राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रावरून जिनिंगकडे कापूस आणि तिथून पुढे गाठी वाहायचं काम हंगामात एकवटलं. दसऱ्यानंतर पहिली वेचणी, मग मार्चपर्यंत दम घ्यायला सवड नाही. म्हणून पाट्यांची कामं, इंजिन खोलणं, बॉडीचा रंग हे सगळं पावसाळ्यात, गाडी जागेवर उभी असताना. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची तेव्हा ती बहुधा वर्षातल्या सगळ्यात चांगल्या स्थितीत असायची. कंपनीचं पुस्तक किलोमीटर मोजायचं, सरकार नोंदणीच्या तारखेपासून वर्ष मोजायचं, आणि मालक हंगाम मोजायचा. या तीन मोजमापांत प्रत्यक्षात चाललं ते तिसरं.

रोजची निगा क्लिनरच्या हातात होती, आणि ती स्वतःच स्वतःची पावती देत असे. जुन्या ट्रकला पाट्यांच्या पिना, किंगपिन, शाफ्टचे क्रॉस अशा प्रत्येक सांध्यावर निपल असायचं. ग्रीसगनचं तोंड त्यावर दाबून दांडी हाणली की आधी जुनं, काळं, धुळीने जाड झालेलं ग्रीस बाहेर ढकललं जातं. कडेने स्वच्छ नवं ग्रीस डोकावलं की सांधा भरला. चाकाखाली आडवा झालेला ड्रायव्हर किंवा मिस्त्री हे एका नजरेत पाहू शकत होता, मग ते वहीत लिहून कोणाला दाखवायचं? कंपनीने दिलेल्या सर्व्हिस-बुकाची गत याहून बोलकी आहे. त्यातली मोफत सर्व्हिसची कुपनं विक्रेता फाडून ठेवून घेई, कारण त्यांवरच त्याला कंपनीकडून पैसे मिळत. म्हणजे पुस्तक मालकाच्या नावाचं असलं तरी त्यातला कामाचा कागद विक्रेत्याकडून कंपनीकडे जाई. मोफत सर्व्हिस संपल्या की त्या पुस्तकात लिहिण्याचं कोणालाच कारण उरत नसे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. मिस्त्री आणि क्लिनर शिकलेले नव्हते, लिहिणार कसे? हा आक्षेप टायरपाशी अडखळतो. ज्या मालकाच्या घरी इंजिन ऑइलची नोंद सापडणार नाही, त्याच्याच वहीत प्रत्येक टायरचा क्रमांक, कोणत्या चाकाला कधी चढवला, रिमोल्डला कधी दिला, हे काटेकोर सापडतं. टायर महाग असतो, वाटेत बदलता येतो, आणि घरापासून दूर गेलेल्या गाडीत ड्रायव्हर काय करतो हे मालकाला दिसत नाही. जिथे नजर पोचत नव्हती, आणि म्हणून विश्वास पुरत नव्हता, तिथे हीच माणसं लिहीत होती, अगदी नेटकं लिहीत होती. डिझेलची आणि उधारीची वहीही त्यातलीच. अक्षरओळखीची अडचण असती तर ती टायरला का आली नाही?

दुसरा पुरावा एस.टी.चा. १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळ उभं राहिलं आणि विदर्भातली सरकारी बससेवा त्यात सामील झाली, तेव्हा त्याच रस्त्यांवर, त्याच प्रकारच्या इंजिनांवर, त्याच मुलखातल्या फिटरांच्या हातून देखभालीची संपूर्ण लेखी पद्धत चालली. आगारात परतलेला चालक गाडीतले दोष कागदावर लिहून देतो, रात्रपाळीचा कारागीर ते वाचून काम करतो, ठरलेल्या मुदतीने गाडी मोठ्या तपासणीला जाते, आणि मोठी दुरुस्ती असेल तर विभागीय कार्यशाळेतून पुढे, नागपूरजवळच्या हिंगण्यासारख्या मध्यवर्ती कार्यशाळेपर्यंत. चाकाच्या वर हवेचा दाब रंगवलेला असतो, कारण हवा भरणारा आज एक असतो नि उद्या दुसरा. दोन पाळ्यांतल्या माणसांची भेट होत नाही, म्हणून कागद बोलतो. एस.टी.चा फिटर सुट्टीच्या दिवशी मित्राच्या ट्रकखाली शिरला तर तो काही दोष-पत्रक मागत नाही. ड्रायव्हरला विचारतो, ‘कोणत्या गिअरमंधी आवाज येते?’

दुसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. तोंडी स्मरण गाडी विकली की संपतं. तिसऱ्या-चौथ्या हातात गेलेल्या ट्रकचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो, आणि किंगपिन कधी बदलली हे ठाऊक नसल्याची किंमत उतारावर दुसराच कोणी मोजतो. सरकारी प्रमाणपत्राने ही पोकळी भरायला हवी होती. ते झालं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयातल्या एका जनहित याचिकेने उघड केलं. प्रत्यक्ष चाचणी न होता प्रमाणपत्रं दिली जातात ही तिच्यातली मुख्य तक्रार, आणि त्यातूनच ब्रेक तपासायला किमान २५० मीटर लांबीची धावपट्टी हवी असा आदेश निघाला. १९३९ पासून ज्या तपासणीची मोहर उठत होती, ती करायला लागणारी पाव किलोमीटरची सरळ जागा अनेक कार्यालयांकडे नव्हती! कागद चौथ्यासाठी असतो तेव्हा तो असा चौथ्यापाशीच पूर्ण होतो, गाडीखाली कोणी वाकलं नाही तरी.

गेल्या दहा वर्षांत गाडी चालवणारा, तिचा खर्च सोसणारा आणि ती दुरुस्त करणारा या तिघांमधलं अंतर खरोखर वाढलं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. धुरावर प्रक्रिया करायला ३२.५ टक्के युरियाचं द्रावण ट्रकमध्ये आलं. त्याला ड्रायव्हर सरळ ‘युरिया’ म्हणतात, आणि कपाशीला युरिया देणाऱ्या या मुलखात तो शब्द ऐकून अजून कोणीतरी दचकतं. काही नव्या अवजड गाड्यांत ऑइल बदलण्याचं अंतर ८०,००० किलोमीटरच्याही पुढे गेलं आहे, निपलं कमी झाली आहेत, आणि बिघाड आवाजाने नव्हे, संकेतांकाने कळतो. तो वाचायचं यंत्र रस्त्याकडेच्या प्रत्येक मिस्त्रीकडे नाही. गाडीची हालहवाल सिमकार्डातून कंपनीकडे जाते. नोंद आता तपशीलवार आहे, क्षणाक्षणाची आहे, आणि सर्व्हिस-बुकातल्या कुपनासारखीच ती गाडीखाली वाकणाऱ्याच्या हाती लागत नाही.

२०२१ च्या नियमांनी स्वयंचलित तपासणी केंद्रं आणली. अवजड मालवाहू गाड्यांना ती सक्तीची होण्याची मूळ तारीख १ एप्रिल २०२३ होती, मग ती १ ऑक्टोबर २०२४ वर गेली. इथे गाडीचा एकेक आस रोलरवर चढतो आणि त्याच्या चाकांचा ब्रेक किती जोर धरतो ते यंत्र आकड्यात सांगतं. डावं चाक उजव्यापेक्षा कमी धरतंय हे ज्या मिस्त्रीला आजवर गाडी कोणत्या अंगाला ओढते यावरून ताडावं लागे, त्याला हा आकडा कामाचा आहे. सरकारच्या पासिंगमधून निघालेला, गॅरेजमध्ये उपयोगी पडेल असा हा बहुधा पहिलाच कागद. ट्रकच्या दारावर मात्र अजूनही मुदतच रंगवली जाते, आणि जुना ट्रक घ्यायला निघालेला माणूस सोबत मिस्त्री घेऊन जातो.