डॉक्टरांची परवाना परीक्षा : धन्वंतरी महाल ते ‘नेक्स्ट’

तंजावूरच्या राजवाड्यातून राज्य करणारे सरफोजी राजे दुसरे (१७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र आले. तेथील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. राजाश्रय हीच तेव्हा वैद्याची मोठी सनद होती. आता ती कायद्याने मिळते, पण सर्वांना एकाच वाटेने नाही. परदेशातून पदवी घेतलेल्यांना २००२ पासून चाळणी परीक्षेत ३०० पैकी किमान १५० गुण मिळवावे लागतात. देशातील पदवीधरांना विद्यापीठाची अंतिम परीक्षा आणि आंतरवासिता पुरेशी ठरते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ ने दोघांसाठी ‘नेक्स्ट’ ही एकच परीक्षा ठरवली. पदव्युत्तर प्रवेशही तिच्यातूनच व्हायचा होता. मात्र जुलै २०२३ मध्ये ती लांबणीवर पडली.