ट्रिक म्हणजे लबाडी की खुबी?

‘ट्रिक’ हा इंग्रजी शब्द फसवणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आला. इंग्रजीत त्याला फांद्या फुटल्या. लबाडी ही ट्रिक, खोडी ही ट्रिक, जादूगाराची हातचलाखी ट्रिक आणि सरावाने साधलेली खुबीही ट्रिकच. सात-आठच्या डावात आपण जे ‘हात’ मोजतो, त्यांनाही इंग्रजीत हाच शब्द. आणि जहाजाच्या सुकाणूवरच्या पाळीलाही! मराठीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द असताना आपण मात्र सरसकट ‘ट्रिक’ म्हणू लागलो. मुले ‘अकराने गुणायची ट्रिक’ विचारतात, तेव्हा त्यांना हातचलाखी हवी असते की दहापट अधिक एकपट ही खुबी, ते कळत नाही.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्याकडे हे दोन्ही अर्थ शेजारी नांदत होते. ते छायाचित्रकार होते आणि जादूचे प्रयोगही करत. जादूगार म्हणून त्यांचे नाव ‘प्रोफेसर केळफा’. फाळके उलटे वाचा म्हणजे झाले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनी अण्णा साळुंके या एकाच नटाला दिल्या. ही उघड फसवणूक, पण मौजेची.

मला मात्र ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधीची त्यांची छोटी फिल्म अधिक मोलाची वाटते. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थांबून थांबून चित्रे घेतली. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर सरसर दिसली आणि ती पाहून त्यांना चित्रपटासाठी भांडवल मिळाले. पडद्यावरचा वेग खोटा होता, तरी आधी काय उगवले, देठ कुठे वळला, हा क्रम खरा होता. जादूगार आपली रीत लपवतो. इथे दोन चित्रांमधले अंतर सांगितले, की खरा वेग कोणालाही काढता येतो.

तो वर्गात काढूनच पाहा. फाळक्यांनी रोज एकच चित्र घेतले, असे सांगतात. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण सोळा चित्रे धरला, तर तीस दिवसांची फिल्म दोन सेकंदही चालणार नाही. पाहणाऱ्यांना वाढ नीट दिसली असेल, तर फाळक्यांनी दिवसातून किती वेळा हँडल फिरवले असेल?