उत्खनक यंत्राच्या इंधन प्रणालीतील संवेदक दोषांचे निदान

डिझेलवर चालणाऱ्या उत्खनक यंत्राच्या इंधन प्रणालीतील संवेदक, त्याच्या तारा, कनेक्टर आणि इंजिन नियंत्रक यांपैकी बिघाड नेमका कोठे आहे, हे मोजमापाने ठरवण्याच्या पद्धतीला संवेदक दोष निदान म्हणतात. संवेदकाला व्यवहारात सेन्सर असे नाव आहे. यंत्राच्या पडद्यावर उमटणारा दोषसंकेत एखाद्या विद्युत परिपथातील विसंगती दाखवतो. संवेदकच निकामी झाला आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यामुळे तारा व कनेक्टर तपासल्यानंतरच संवेदक बदलणे हे या निदानाचे मूलतत्त्व मानले जाते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या उत्खनकाला सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात. हे नाव पोक्लँ या फ्रेंच कंपनीवरून रूढ झाले. जुन्या उत्खनकांमध्ये इंधनपंप व वेगनियंत्रक पूर्णतः यांत्रिक असत. आधुनिक इंजिनांत ‘कॉमन रेल’ प्रणाली असते. तीत उच्चदाब पंप इंधन एका सामाईक नळीत साठवतो आणि नियंत्रक विद्युत इंजेक्टरद्वारे ते मोजून सोडतो. या नळीतील दाब अनेक इंजिनांत १,६०० बार किंवा त्याहून अधिक असतो. भारतात चाकांच्या बांधकाम यंत्रांसाठी भारत स्टेज ४ ही उत्सर्जन मानके एप्रिल २०२१ पासून लागू झाली. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या इंजिनांचा वापर वाढला.

प्रमुख संवेदक

* रेल दाब संवेदक : यास तीन तारा असतात – ५ व्होल्टचा पुरवठा, भूतार आणि संकेत. दाबानुसार संकेताचा विद्युतदाब साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट या मर्यादेत बदलतो.
* इंधन तापमान संवेदक : तापमान वाढले की याचा रोध कमी होतो. अनेक प्रकारांत २०° सेल्सिअसला तो सुमारे २.५ किलोओहम असतो.
* इंधनातील पाण्याचा संवेदक : गाळणीच्या तळाशी बसवलेल्या याच्या दोन टोकांमध्ये पाणी आले की विद्युतवहन होते, कारण डिझेलपेक्षा पाणी अधिक विद्युतवाहक असते.
* इंधन पातळी संवेदक : टाकीतील तरंगत्या गोळ्याच्या हालचालीनुसार याचा रोध बदलतो.

दोषसंकेत

अनेक उत्खनकांत एसएई जे१९३९ या मानकानुसार दोषसंकेत दिले जातात. त्याचे दोन भाग असतात. एसपीएन क्रमांक घटक सांगतो, तर एफएमआय क्रमांक दोषाचा प्रकार सांगतो. रेल दाबासाठी एसपीएन १५७, तर इंधनातील पाण्यासाठी एसपीएन ९७ वापरला जातो. एफएमआय ३ म्हणजे विद्युतदाब मर्यादेपेक्षा जास्त, ४ म्हणजे मर्यादेपेक्षा कमी आणि २ म्हणजे अस्थिर किंवा विसंगत माहिती.

एफएमआय ० व १ यांचा अर्थ वेगळा आहे. यात संकेत विद्युतदृष्ट्या ग्राह्य असतो, परंतु मोजलेले मूल्य अनुक्रमे फार जास्त किंवा फार कमी असते. १५७–४ आल्यास तारांकडे पाहावे लागते. १५७–१ आल्यास तुंबलेली गाळणी, इंधनात शिरलेली हवा किंवा गळका इंजेक्टर यांमुळे दाब खरोखरच कमी झालेला असण्याची शक्यता मोठी असते. हा भेद न केल्यास सुस्थितीतील संवेदक विनाकारण बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

निदानाचे टप्पे

१. सक्रिय व साठवलेले संकेत वेगवेगळे नोंदवावेत. नोंद करण्यापूर्वी ते पुसू नयेत.

२. बॅटरीचा विद्युतदाब व भूजोडणी तपासावी. मोठ्या उत्खनकांत सहसा २४ व्होल्टची प्रणाली असते.

३. तारांच्या जुडग्याची पाहणी करावी. इंजिनाची उष्णता लागणारे, तसेच कंपनाने घासले जाणारे भाग विशेष पाहावेत. कनेक्टरमध्ये पाणी, हिरवट गंज किंवा वाकलेली पिन आहे का, हे तपासावे.

४. इंजिन बंद व किल्ली चालू स्थितीत ठेवून कनेक्टर काढावा आणि मल्टिमीटरने ५ व्होल्टचा पुरवठा व भूतार तपासावी. अनेक संवेदकांना एकच पुरवठा असल्यास त्यांपैकी एकातील लघुपरिपथामुळे सर्वांचे संकेत एकदम येतात. अशा वेळी संवेदक एकेक करून सोडवावेत. जो सोडवल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो संवेदक किंवा त्याची तार सदोष असते.

५. कनेक्टर काढल्यावर दोषसंकेत बदलतो का, हे पाहावे. तो निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे बदलला, तर तारा व नियंत्रक बहुधा ठीक असतात. तो तसाच राहिला, तर दोष तारांत किंवा नियंत्रकात शोधावा.

६. यंत्राची सर्व वीज बंद करून तारांचा रोध मोजावा. नियंत्रकांना जोडणाऱ्या कॅन वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. त्यामुळे दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम रोध दिसायला हवा. १२० ओहम दिसल्यास एका टोकाशी जोडणी तुटलेली असते.

७. शेवटी मूल्यांची तर्कसंगतता पाहावी. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात इंधन व शीतकाचे तापमान जवळपास सारखे, तर रेल दाब शून्याजवळ दिसायला हवा.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड परिसरात मेट्रो मार्ग, गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता, इमारतींचा पुनर्विकास आणि नालेसफाई यांसाठी उत्खनक वापरले जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हापासून मिठी, पोईसर, दहिसर व ओशिवरा या नद्यांतील गाळ पावसाळ्यापूर्वी काढण्याच्या कामाकडे अधिक लक्ष वेधले गेले. हे काम मुदतीचे असते. संवेदकाच्या दोषामुळे नियंत्रकाने इंजिनाची शक्ती घटवल्यास यंत्र नाल्याच्या पात्रातच अडकू शकते.

दमट व खारी हवा, सांडपाण्याचा चिखल आणि उच्चदाबाच्या पाण्याने केलेली धुलाई यांमुळे कनेक्टर गंजतात. पिंपातून भरलेल्या डिझेलबरोबर टाकीत पाणी जाण्याचीही शक्यता असते. काम थांबू नये म्हणून पाण्याच्या संवेदकाची तार तोडणे किंवा त्याऐवजी रोधक जोडणे हा घातक उपाय आहे. उच्चदाब पंपाचे वंगण डिझेलच असल्याने पाणी शिरल्यास पंप व इंजेक्टर खराब होतात. त्यांचा खर्च संवेदकाच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

सुरक्षितता

इंजिन चालू असताना उच्चदाबाची नळी सैल करू नये. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा वापरावा. उच्चदाबाचा फवारा त्वचेत शिरल्यास जखम बारीक दिसली तरी तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. इंजेक्टरच्या तारांवर बॅटरीपेक्षा बराच जास्त विद्युतदाब असू शकतो. तारेचे आवरण सुईने भोसकून मोजमाप करू नये, कारण त्या छिद्रातून पुढे पाणी शिरते. बकेटचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी व नियंत्रकाच्या जोडण्या पुस्तिकेनुसार सोडवाव्यात.

हे सुद्धा पहा

* डिझेल इंजिन
* कॉमन रेल
* मिठी नदी