प्रवेशाचा हक्क राखीव: मुंबईच्या हॉटेलात खुर्ची कोणाला मिळाली?

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी जरा आत सरका, मग ऐका.

आजचा विषय निघाला बिलावरून. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की रेस्टॉरंटवाल्याने बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला, तो द्यायलाच लागतो का? उत्तर छोटं आहे, ते आधी संपवतो. नाही, द्यायलाच लागतो असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं, की हॉटेलने हा चार्ज बिलात आपोआप जोडायचा नाही, आणि दुसऱ्या कुठल्या नावानेही घुसवायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर प्रत्येकी एक लाखाचा दंडही ठोठावला. संघटनांनी त्यावर अपील केलंय, तो भाग वेगळा. तुम्ही वेटरला शांतपणे सांगा, काढून टाका. नाहीच काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटी मात्र कर आहे, त्यावर वाद घालत बसू नका.

झालं. पण या सगळ्या मेसेजांमध्ये एक फोटो आला होता, आणि मी त्याच्यावरच अडकलो. हॉटेलच्या दारावरची पाटी. बाहेरचे पदार्थ आणू नयेत, सुट्टे पैसे द्यावेत, आणि खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरात: प्रवेशाचा हक्क राखीव. ही पाटी आपण इतक्या वेळा बघितलीय, की आता वाचतच नाही. हक्क राखीव म्हणजे काय, कोणासाठी राखीव, आणि कोणाला बाहेर ठेवण्यासाठी? मुंबईच्या हॉटेलांचा इतिहास मला पदार्थांपेक्षा या प्रश्नातून जास्त कळतो. मिसळीवर सगळेच बोलतात. मिसळ खायला आत कोण जाऊ शकत होतं, यावर कमी बोललं जातं.

आधी थोडं मागे जाऊ. मुंबईत १८४९ साली परमहंस मंडळी नावाची एक गुप्त सभा सुरू झाली. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तिचे पुढारी. जात मोडायची, हा उद्देश. आणि सभासद व्हायची परीक्षा काय होती? ख्रिश्चन माणसाने भाजलेला पाव खायचा. बस्स. ज्या शहराची ओळख आज वडापाव आहे, त्याच शहरात पावाचा एक तुकडा खाणं हे दार बंद करून करायचं काम होतं. साधारण १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली. आता नावं बाहेर येणार, या धास्तीने मंडळी मोडली.

हे फक्त मुंबईचं नव्हतं. पुण्यात १८९० साली गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या मोठमोठ्या लोकांना बोलावलं. समोर चहा आला. काहींनी घेतला, काहींनी नुसता हात लावला. नंतर गोपाळरावांनी नावं छापून आणली! रानडे आणि टिळक दोघंही त्या यादीत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताच्या हिशेबात दोघंही अडकले. एक कप चहा, मंडळी. त्या काळी अनोळखी माणसाच्या हातचा चहा पिऊन सोशल मीडियाशिवाय ट्रोल होता येत होतं.

मग अशा समाजात हॉटेलं चालली कशी? चालली, कारण शहराला भूक होती. गिरण्या आणि गोदीत काम करायला कोकणातून, घाटावरून हजारो पुरुष एकटे आले. बायको गावाला, खोलीत दहा-पंधरा जण, चूल कोण पेटवणार? त्यातून खानावळी उभ्या राहिल्या. एखादी बाई घरातच स्वयंपाक करायची आणि ठरलेल्या माणसांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायची.

माझे आजोबा लालबागला असेच जेवायचे. ते गिरणीत बदली कामगार. त्यांच्या बोलण्यात एक शब्द फार यायचा, ‘खाडा’. गावाला गेलात, जेवलात नाही, तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे की नाही, हा खाड्याचा नियम. आजोबा सांगायचे, की आधी सांगून गेलास तर खाडा धरायची, न सांगता गेलास तर नाही. बघा, कॅन्सलेशन पॉलिसी! अॅपवाल्यांनी काही नवीन शोधलेलं नाही. आणि पगार अडकला तर बाई उधारीवर जेवू घालायची, स्वतः सावकाराकडून पैसे उचलून. या खानावळवाल्या बायकांना बँकेतून कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगावाच्या इतिहासात संपाचे नेते असतात, मोर्चे असतात. ही बाई कोपऱ्यात असते. माझ्या मते ती पहिल्या पानावर हवी.

पण खानावळीत गोडवा होता तसा पडदाही होता. तिथे जेवायचे ते बहुतेक गावकीचे, नात्यातले, जातीतले. बाई घरात वाढत होती, त्यामुळे पंगतीचे नियम घरातलेच. ‘हक्क राखीव’ अशी पाटी लावायची गरजच नव्हती.

शहराला अनोळखी माणसांसोबत एका टेबलावर बसवलं ते मुख्यतः इराण्याने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान भागातून आलेले हे लोक. धोबी तलावची कयानी १९०४ ची, ग्रँट रोडची मेरवान १९१४ ची, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ ची. गोल टेबल, वर संगमरवर, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानायचे म्हणून इराण्याला स्वस्तात मिळाली, असं म्हणतात. शिवाशिवीच्या हिशेबात तो बाहेरचा. एक चहा आणि एक ब्रून घेऊन कोणीही तासभर बसावं. आणि तासभर बसू नये म्हणून मग पाट्या! केस विंचरू नका, पेपर अडवून ठेवू नका, उगाच बसू नका. निस्सीम इझिकेल यांनी अशा सूचनांवरून इंग्रजीत एक आख्खी कविताच केली. आपण या पाट्यांना हसतो, पण जरा बघा, त्यातली एकही सूचना तू कोण आहेस असं विचारत नाही. कसा वागतोस, एवढंच विचारते. नियमांच्या दोन जाती असतात म्हणायला हरकत नाही, आणि इराण्याचे नियम दुसऱ्या जातीतले.

बायकांसाठी ‘फॅमिली रूम’ असायची. लाकडी पार्टिशन, अर्धा दरवाजा किंवा पडदा. आज ते बघून राग येतो आणि यायलाही हवा. पण हॉटेलात बाईने दिसणंच वाईट समजलं जायचं, तेव्हा ती खोली म्हणजे दार किलकिलं करून मिळवलेली जागा होती. पुढे त्याच खोल्यांत कॉलेजच्या किती जोड्यांनी एका मस्का पावावर दुपार काढली, ते त्यांनाच माहीत.

माटुंग्याला उडुपी हॉटेलं आली, दादर-गिरगावात आपली मराठी उपाहारगृहं. किंग्ज सर्कलच्या रामा नायकांचं हॉटेल १९४२ चं. तिथे आधी कूपन घ्यायचं, नंबराची वाट बघायची, आणि जागा मिळेल तिथे, ज्याच्या शेजारी मिळेल त्याच्या शेजारी, पानावर जेवायचं. साहेब असो की शिपाई, रांग एकच. मला हा मुंबईतला सगळ्यात लोकशाही नियम वाटतो.

आता जरा अवघड भागाकडे येऊ.

वर मी इराणी बाहेरचा म्हणालो. पण बाहेरच्यालाही इथली सवय लागते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले एक तरुण बडोद्याला नोकरीला गेले. कुठल्याच हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून ते एका पारशी सरायीत, नोंदवहीत पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिन्यावर चढून आले आणि त्यांना त्याच दिवशी बाहेर काढलं. त्या तरुणाचं नाव भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय.

साधारण त्याच काळात कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना राजवाड्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचं चहाचं हॉटेल टाकायला मदत केली. दलिताच्या हॉटेलात चहा प्यायला येणार कोण? महाराज आले. बग्गी दारात उभी करून चहा प्यायचे, आणि सोबतच्यांनाही पाजायचे. पंचहौदच्या चहानंतर तीसेक वर्षांतली ही गोष्ट. तिथे चहा प्यायला म्हणून चौकशी लागली, इथे राजा मुद्दाम चार लोकांत पितोय.

पण प्रत्येक गावाला शाहू महाराज कुठून आणायचे? मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या करायच्या. त्यावरच पुढे महाडचा सत्याग्रह उभा राहिला. पण त्या ठरावाचा रोख सरकारी पैशाच्या, सरकारच्या ताब्यातल्या जागांवर होता. हॉटेल तर खाजगी! मालक म्हणणार, माझं दुकान, माझी मर्जी.

ही ‘माझी मर्जी’ मोडली घटनेने. कलम १५ चा दुसरा भाग वाचा कधीतरी, चार ओळींचा आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यात जाण्यासाठी कोणत्याही नागरिकावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून अट घालता येणार नाही. मूलभूत हक्कांमध्ये उपाहारगृहाचं नाव आहे, मंडळी! २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या मसुद्यावर चर्चा चालू असताना प्रश्न आला, की दुकान म्हणजे नेमकं काय? आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा, की जो माणूस येईल त्याला सेवा द्यायला तयार होऊन बसलेला असतो, त्याची ती जागा म्हणजे दुकान. धोब्याचं, न्हाव्याचं, सगळ्यांचं. म्हणजे नुसतं आत येऊ देणं पुरेसं नाही, सेवा द्यायची. बडोद्याच्या त्या जिन्यावरून उतरलेला माणूस हे सांगत होता.

पुढे १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आला, त्यात आणखी बारकावा होता. हॉटेलात सगळ्यांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा. हे वेगळं लिहावं लागलं, कारण ‘या, बसा’ म्हणून वेगळी कपबशी पुढे करणारे भरपूर होते. वेगळ्या कपाची पाटी कधीच नसते. कप फक्त वेगळ्या खुंटीला टांगलेला असतो.

मग आजच्या दारावरची ‘हक्क राखीव’ पाटी बेकायदा का? नाही, दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला किंवा बिल बुडवणाऱ्याला मालक बाहेर ठेवू शकतो. फक्त त्या पाटीच्या डोक्यावर घटनेची पाटी आहे. त्या पाच कारणांसाठी हा हक्क राखीव नाही.

पण ती यादी पुन्हा मोजा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. यात पगार नाही. यात काम नाही. आणि मुंबईची नवी रेस्टॉरंटं नेमकी याच फटीत उभी आहेत.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या संपत गेल्या, आणि त्यांच्या आवारात काचेची रेस्टॉरंटं आली. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला आग लागली, १४ जणं गेली. तेव्हा कुठे सगळ्यांना परवाने, जिने, बाहेर पडायच्या वाटा आठवल्या. आत कोणाला घ्यायचं याचे नियम बारीक अक्षरांत पाठ असलेल्या धंद्याला, आतल्या माणसाने बाहेर कसं पडायचं हा नियम मात्र सुचला नव्हता.

गेल्या वर्षी अशाच एका जुन्या गिरणीच्या आवारात मी मित्रांबरोबर जेवायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब, आई-बाबा, आजी, दोन वर्षांचं बाळ. बाळाला सांभाळणारी मुलगी, असेल अठरा-एकोणीसची, टेबलापासून हातभर लांब खुर्ची ओढून बसलेली. वेटरने चार मेनूकार्डं आणली. तिच्यापुढे ठेवलं नाही, आणि कोणी मागितलंही नाही. दीड तास ती बाळाला भरवत होती. पाण्याचा ग्लाससुद्धा बाळाचाच. तिला आत येऊ दिलं होतं, खुर्ची दिली होती. कुठलंही कलम मोडलं नव्हतं. काही हॉटेलं ड्रायव्हरना, घरकामाच्या बायकांना दारातच थांबवतात, तीही जात विचारत नाहीत. कपड्यांकडे बघतात, बस्स.

त्याच शहरात २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावातली बाई जे करत आली, ते सरकारने केंद्रावर केलं. पण तिथेही रांगेत एकाच खिशाची माणसं. रामा नायकांकडे साहेब आणि शिपाई शेजारी बसतात, तसं टेबल नवीन मुंबईत कुठे आहे, हे मी शोधतोय. सापडलं तर कळवा.

आणि तुमच्या भागातल्या जुन्या हॉटेलांच्या पाट्यांचे फोटो पाठवा, विशेषतः रंगवलेल्या, हाताने लिहिलेल्या. पुसल्या जायच्या आत. पुढच्या भागात भेटू.