अजिंठ्याच्या भिंतींवरचे रोगण

अजिंठ्याची चित्रे उजेडाने फारशी विटलेली नाहीत. त्यांतले रंग बहुतेक मातीचे आणि दगडाचे आहेत: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना व केओलिन, काळ्यासाठी काजळी. पाचव्या शतकातील लेण्यांत निळ्या रंगासाठी लाजवर्दाची पूडही आढळते. हा दगड बदख्शानच्या खाणींतून येई. असे खनिज रंग उजेडाला दाद देत नाहीत. कच्चे आहे ते त्यांच्याखालचे अस्तर. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या खडकावर माती, भाताचा तूस आणि गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो सुकल्यावर डिंकात किंवा सरसात कालवलेला रंग, अशी ही रचना आहे. युरोपातल्या फ्रेस्कोप्रमाणे रंग ओल्या चुन्यात मुरलेला नसल्याने पाणी लागले की तो सुटतो. ओल बसली की गिलावा फुगतो आणि पोपडे धरतात.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या दरीत आला आणि ही लेणी बाहेरच्या जगाला कळली. लेणी अपरिचित होती तोवर पाणी, वटवाघळे आणि आत मुक्काम करणाऱ्यांच्या चुलींचा धूर एवढेच चित्रांचे शत्रू होते. पुढे त्यांत चाहत्यांची भर पडली. १८४४ मध्ये नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मराठी वाचकाला तो पारो या स्थानिक तरुणीबरोबरच्या प्रेमकथेमुळे अधिक ठाऊक आहे, पण त्याचे खरे काम मोठ्या कॅनव्हासवरच्या तैलचित्रांचे. ती बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या. त्यांपैकीही शंभराहून अधिक १८८५ मध्ये लंडनमधल्याच आगीत गेल्या.

या नकलांच्या कामात मूळ चित्रांवर वार्निश फिरवले गेले. कारण साधे होते. धुळीने व काजळीने मंद झालेली भिंत नीट दिसत नसे, आणि वार्निश लागताच रंग ओल्यासारखे गडद व तकतकीत होत. कोरड्या, सच्छिद्र पृष्ठावर उजेड विखुरतो, म्हणून रंग फिके भासतात. छिद्रे राळेने भरली की हे विखुरणे कमी होते. डोळ्याला रंग परत आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात चित्रावरची धूळ आणि धूर राळेखाली कायमचे कोंडले जातात. नक्कल उतरवून घेण्यापुरता हा उपाय कामाचा होता; मूळ भिंतीच्या दृष्टीने त्याला निष्काळजीपणाच म्हणावे लागेल.

त्यानंतरचा हात मात्र जाणत्यांचा होता. लेणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी यांना बोलावले. १९२० पासूनच्या दोन हिवाळ्यांत त्यांनी सुटू लागलेला गिलावा पुन्हा भिंतीला चिकटवला, कडा बांधून घेतल्या आणि रंगावर लाखेचे रोगण दिले. पुष्कळसा गिलावा त्यामुळेच वाचला. रोगणाचा हिशेब वेगळा आहे.

हे रोगण म्हणजे सुताराच्या पॉलिशचेच भावंड. लाखेच्या किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर सोडलेली राळ शुद्ध करून तिचा चपडा करतात आणि तो स्पिरिटमध्ये विरघळवतात. स्पिरिट उडून जाते, मागे पारदर्शक पापुद्रा राहतो. ताजेपणी तो पुन्हा स्पिरिटने निघतो. काळ लोटला की त्याच्या रेणूंत बंध तयार होतात, तो पिवळा, मग तपकिरी होतो आणि स्पिरिटलाही सहज दाद देत नाही. अजिंठ्यात त्याचा परिणाम रंगागणिक वेगळा दिसतो. पांढरे अलंकार मेणचट दिसू लागतात, लाजवर्दाची निळाई हिरवट भासते. चित्रांचा रंग उडाल्याची तक्रार होते तिथे पुष्कळदा रंग शाबूत असतो. वरचा पापुद्रा काळवंडलेला असतो. शिवाय हा ताठ पापुद्रा ओलीसुकीबरोबर हलणाऱ्या मातीच्या गिलाव्याशी जुळवून घेत नाही. तो आकसतो, आणि उचकटताना रंगाचे कण सोबत नेतो.

१९५३ मध्ये लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, आणि खात्याच्या रसायनशाखेला जुने थर उतरवण्याचे किचकट काम हाती घ्यावे लागले. पाण्याने रंग जातो आणि रोगण राहते. म्हणून सेंद्रिय द्रावकांची मिश्रणे कापसाच्या बोळ्याने थोडी थोडी लावून थर मऊ करावा लागतो. त्यानंतर संरक्षणासाठी पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा विरळ लेप देण्याची पद्धत रूढ झाली. नववे आणि दहावे ही सर्वांत जुनी चित्रलेणी सर्वांत काळी पडली होती. तिथली साफसफाई १९९९ पासून मॅनेजर सिंह यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. लाख आणि काजळी हटल्यावर इसवी सनापूर्वीच्या चित्रांतल्या आकृती पुन्हा ओळखू येऊ लागल्या.

आता भर लेपापेक्षा लेण्यातल्या हवेवर आणि उजेडावर आहे. फ्लॅश लावून छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, दिवे मंद ठेवले जातात, आणि खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यापाशीच थांबवून पर्यटकांना बसने आणले जाते.